जुन्या लष्करी मालमोटारींचे ब्रेक

(नवी मुंबई येथें समितीचे सभासद, मोटारचालक व मिस्त्री यांच्यापुढें दिलेलें व्याख्यान)



दुष्काळनिवारणाच्या कार्यांत धान्य किती जमलें, पैसा किती जमला आणि किती गांवांस पाणी पोंचलें, याचा हिशेब आपण छापून प्रसिद्ध करतों. आणि तो केलाच पाहिजे, कारण दात्यानें आपल्यावर टाकलेल्या विश्वासाची ती पावती आहे. परंतु धान्याची कोठी आणि भुकेलें गांव यांच्यामध्यें एक वस्तु असते, तिचा उल्लेख हिशेबांत "वाहतूकखर्च" या एका शब्दांत आटोपतो. ती वस्तु म्हणजे मालमोटार. आज मला तिच्याविषयीं, आणि त्यांतूनही तिच्या ब्रेकांविषयीं, चार शब्द सांगावयाचे आहेत. विषय रूक्ष आहे हें मी जाणतों. तथापि ज्या गाडीवर आपण एखाद्या तरुण चालकास बसवितों आणि जिच्या वाटेंत शाळेंतून परतणारीं मुलें चालत असतात, ती गाडी हवी तेथें थांबते कीं नाहीं हा प्रश्न कोणत्याही निवारणसमितीस रूक्ष वाटूं नये.

लष्करी मालमोटार आणि दुष्काळ यांचा संबंध जुना आहे. सन १९४३ सालीं बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला, तेव्हां कलकत्त्यास आलेलें धान्यही जिल्ह्याजिल्ह्यांत वेळेवर पोंचत नव्हतें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत लॉर्ड वेव्हेल व्हाइसरॉय झाले आणि त्यांनीं या कामीं लष्कराची मदत घेतली. मग लष्कराचे जवान व लष्करी लॉऱ्या धान्य घेऊन खेड्यापाड्यांकडे जाऊं लागल्या. दुष्काळ हा जसा धान्याच्या टंचाईचा असतो, तसाच तें धान्य भुकेल्याच्या दारांत न पोंचण्याचाही असतो, हा धडा त्या वेळीं देशास फार मोठी किंमत देऊन मिळाला.

दुसरें महायुद्ध सन १९४५ मध्यें संपल्यावर हिंदुस्थानांत राहिलेल्या लष्करी गाड्या सरकारनें विक्रीस काढल्या. जीप, डॉज, कॅनडांत तयार झालेल्या शेव्हरोले व फोर्ड, आणि सहाही चाकांस गति देणारी अमेरिकन जी. एम. सी. अशा त्या गाड्या होत्या. त्यांच्या सांगाड्यांवर लांकडी बांधणीच्या बसगाड्या चढल्या, मालमोटारी झाल्या, पाण्याच्या टाक्या बसल्या. पुढें स्वतंत्र भारतांत जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यानें जबलपूर येथें "शक्तिमान" ही मालमोटार सन १९५९ पासून सन १९९६ पर्यंत तयार होत होती; निस्सान जातीची एक टनी गाडी व जोंगा याही तेथल्याच. सेवेंतून निवृत्त झाल्यावर अशा गाड्या लिलावांत निघतात आणि मुलकी मालकाच्या हातीं येतात. जेथें साधी लॉरी चिखलांत रुतून बसते तेथें ही गाडी चारी चाकांनीं माती पकडून निघून जाते, हा तिचा मोठा गुण. आणि म्हणूनच ओढ्यापलीकडच्या वाडीस पाणी न्यावयाचें असेल तेव्हां तिची आठवण होते.

आपल्याकडे एक म्हण आहे: धर्माची गाय आणि दांत कां गं नाहीं? दान मिळालेल्या वस्तूंत खोड काढूं नये, असा तिचा उपदेश. सज्जनहो, इतर सर्व दानांस ही म्हण लागू करावी. परंतु कोणी जुनी मालमोटार देऊं केली, तर तिचे दांत अवश्य मोजावेत. गाय दूध देत नसली तर फार तर चारा वायां जातो. गाडी थांबत नसली तर माणूस जातो.

आतां या गाड्यांचे ब्रेक कसे चालतात तें थोडक्यांत पाहूं. युद्धकालीन बहुतेक गाड्यांत चालकाच्या पायाखालीं एक मास्टर सिलिंडर असतो. पाय दाबला म्हणजे त्यांतील तेलावर दाब पडतो. तो दाब पोलादी नळ्यांतून व शेवटच्या टप्प्यास रबरी होसमधून प्रत्येक चाकाजवळच्या लहान सिलिंडरांत जातो. तेथील दट्टे दोन कमानदार पट्ट्यांस बाहेर ढकलतात, पट्ट्यांवरील लायनर फिरत्या ड्रमच्या आंतल्या अंगास घांसतें आणि चाक मंदावतें. योजना साधी व समर्थ आहे. परंतु तिच्यांत एक मूलभूत उणीव आहे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत सर्व चाकांस मिळून तेलाचा मार्ग एकच असतो. एका चाकाजवळची एक होस फुटली, नळीस गंजाचें एक भोंक पडलें, किंवा एका सिलिंडराची रबरी वाटी उलटली, कीं तेल त्या एका वाटेनें निघून जातें आणि सर्व चाकांचे ब्रेक एकाच क्षणीं नाहींसे होतात. पाय जमिनीस टेकतो आणि गाडी पुढें चालू राहते. लष्करांत हें चालून गेलें, कारण तेथें गाडीचें आयुष्य थोडें धरलेलें असे, तिच्यामागें कार्यशाळा असे, ठरलेल्या मुदतीस तपासणी होई आणि वेगावर बंधन असे. जी. एम. सी. गाडीच्या चालकासमोर जास्तींत जास्त वेगाची पाटीच बसविलेली होती. तो वेग ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारें ७२ किलोमीटर होता. आपण ती गाडी घेतों, पण ती कार्यशाळा, ती तपासणी आणि ती पाटी घेत नाहीं.

नवी मुंबईच्या भूगोलाकडे पाहिलें म्हणजे या उणिवेचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. वाशीच्या घाऊक बाजारांतून निघालेलें धान्य नगरच्या पठाराकडे किंवा मराठवाड्याकडे न्यावयाचें म्हणजे कळंबोली व पनवेल ओलांडून सह्याद्रि चढावा लागतो. आणि गाडी परत आणावयाची म्हणजे तोच सह्याद्रि उतरावा लागतो. परततांना ती रिकामी येते असें नाहीं. भाडें सुटावें म्हणून कांदा, भाजी, पोतीं असा कांहीं ना कांहीं माल भरलेला असतो. खंडाळ्याहून खोपोलीच्या बाजूस उतरतांना गाडी सुमारें ५०० मीटर खालीं येते. मालासह आठ टन वजनाची गाडी एवढी उंची उतरते तेव्हां जी शक्ति मोकळी होते, ती सर्व जर ब्रेकांनींच शोषावयाची ठरविली, तर तिची उष्णता सव्वाशे लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीस आणण्याइतकी भरते. ही उष्णता चार ड्रमांच्या लोखंडांत कोंडावयाची आहे. ते चारही ड्रम मिळून १२० किलो वजनाचे धरले आणि उष्णता बाहेर गेलीच नाहीं असें मानलें, तर त्यांचें तपमान साडेसहाशे अंशांनीं वाढेल. वारा पुष्कळशी उष्णता नेतो म्हणून प्रत्यक्षांत इतकें होत नाहीं. पण धोका कोणत्या दिशेस आहे हें या आंकड्यांवरून कळतें.

तापलेल्या ब्रेकांत तीन गोष्टी एकामागून एक घडतात. लोखंड फुगतें म्हणून ड्रम पट्ट्यांपासून दूर सरतो आणि पाय खोल जाऊं लागतो. लायनरची पकड कमी होते, म्हणून चालक अधिक जोरानें दाबतो. आणि शेवटीं सिलिंडरांतील तेल उकळतें. तेल दाबलें जात नाहीं, पण त्याची वाफ दाबली जाते. म्हणून वाफ झाली कीं पायाचा सर्व जोर ती वाफ दाबण्यांत खर्ची पडतो आणि चाकापर्यंत कांहींच पोंचत नाहीं. यास्तव घाटाचा जुना नियम आजही खरा आहे: ज्या गिअरनें चढावें त्याच गिअरनें उतरावें, इंजिनास गाडी धरूं द्यावी, आणि ब्रेक थोडा वेळ जोरानें लावून पुन्हा सोडावा, सतत घांसत ठेवूं नये. डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रल करून उतारावर सोडणें म्हणजे चार पैशांसाठीं प्राण गहाण ठेवणें होय.

याच बोरघाटाचा एक इतिहास मला येथें सांगितला पाहिजे. सन १८६३ मध्यें या घाटांतून आगगाडी सुरू झाली. सन १८६९ च्या जानेवारींत उतारावर एका मेलगाडीच्या ब्रेकांनीं दगा दिला. गाडी बेफाम झाली आणि खंडाळ्याजवळच्या, गाडीची दिशा उलटविण्याच्या स्थानकांत न थांबतां पुढें जाऊन कोसळली. रेल्वेनें घाटाकडे पुढें कोणत्या दृष्टीनें पाहिलें तें या मार्गानें जाणाऱ्या प्रत्येकास दिसतें. उतारावर मुख्य मार्गापासून फुटून चढणीवर जाणारे आडमार्ग ठेवलेले आहेत. गाडी ताब्यांत आहे अशी खात्री पटल्यावांचून तिला मुख्य मार्ग मोकळा होत नाहीं, आणि बेफाम आलेली गाडी त्या चढणीवर जाऊन थांबते. घाट उतरण्यापूर्वी गाडी थांबवून ब्रेकांची परीक्षा घेण्याची शिस्तही त्याच विचारांतून आलेली आहे. ब्रेक चांगला असेल असें गृहीत न धरतां, तो चांगला असल्याचें आधीं सिद्ध करावें, हें तत्त्व लोहमार्गानें स्वीकारलें. मालमोटारीच्या चालकास तें कोणी सक्तीनें शिकविलें नाहीं. तें आपण आपल्यापुरतें सक्तीचें करावें, एवढेंच माझें मागणें आहे.

ब्रेकच्या तेलाविषयीं पुष्कळ गैरसमज आहेत. सर्वत्र मिळणारें डॉट ३ किंवा डॉट ४ जातीचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. कोरडें असतांना डॉट ३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ तेलाच्या मर्यादा अनुक्रमें २३० व १५५ अंश आहेत. खाडीच्या कांठीं वसलेल्या या शहरांत पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. म्हणून येथें उभ्या राहणाऱ्या गाडीचें तेल वर्षा-दोन वर्षांनीं पूर्णपणें बदललेंच पाहिजे, मग गाडी चालो वा न चालो. तोच ओलावा सिलिंडरांस आंतून गंज चढवितो, आणि खारी हवा नळ्यांस बाहेरून. डॉट ५ हें सिलिकोनचें तेल पाणी शोषीत नाहीं, म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे मालक तें पसंत करतात. परंतु तें डॉट ३ वा ४ मध्यें मिसळत नाहीं, आणि आंत शिरलेलें पाणी खोलगट जागीं थेंबाथेंबानें सांचून तेथेंच नळी कुरतडतें. तें वापरावयाचें तर सर्व रबरी भाग नवे घालून व नळ्या धुवून वापरावें, अर्धवट मिश्रण करूं नये. आणि वाटेंत तेल संपलें म्हणून इंजिनचें ऑइल ओतणें हा तर सर्वांत घातक उपाय. खनिज तेलानें ब्रेकमधील रबरी वाट्या फुगतात व मऊ पडतात. गाडी त्या दिवशीं घरीं येईल, पण दुसऱ्या दिवशीं ती कोणाच्या घरांत शिरेल हें सांगतां येणार नाहीं.

दुसरी गोष्ट बूस्टरची. जड गाडीचा ब्रेक नुसत्या पायाच्या जोरानें लागत नाहीं, म्हणून जी. एम. सी. सारख्या गाड्यांत पेट्रोल इंजिनच्या ओढीनें निर्माण होणाऱ्या निर्वात पोकळीचें साह्य घेतलेलें असे. पुढें इंधनाचा खर्च वांचविण्यासाठीं अनेक जुन्या पेट्रोल गाड्यांत डिझेल इंजिनें बसविण्यांत आलीं. डिझेल इंजिनाच्या हवेच्या वाटेवर तसा पडदा नसतो, त्यामुळें ती पोकळी त्यांत निर्माण होत नाहीं. ती निर्माण करणारा निराळा पंप बसविला नसेल, तर बूस्टर नुसता शोभेचा राहतो. अशी गाडी सपाट रस्त्यावर रिकामी चालविली तर थांबते, आणि मालक म्हणतो, ब्रेक उत्तम आहेत. माल भरून घाटांत गेल्यावर खरें काय तें समजतें. पंप असलेल्या गाडींतही, चढणीवर इंजिन बंद पडलें तर सांठलेली पोकळी एकदोन वेळां पाय दाबण्यापुरतीच उरते. म्हणजे जड गाडी मागें घसरूं लागते नेमकी त्याच वेळीं साह्य निघून जातें. तेव्हां पाय एकदांच दाबून धरावा, वारंवार उचलूं नये, आणि सोबत्यानें चाकामागें उटी लावावी. यासाठीं प्रत्येक गाडींत लांकडाच्या दोन भक्कम उट्या असल्याच पाहिजेत. दगड शोधण्यास त्या क्षणीं वेळ नसतो.

अशा वेळीं हँडब्रेक आहे, असें कोणी म्हणेल. युद्धकालीन अनेक गाड्यांत, जीपमध्यें व जी. एम. सी. मध्येंही, हँडब्रेक चाकांवर नसून चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. तो उभी गाडी धरण्यासाठीं आहे. दांडा किंवा त्याचा सांधा तुटला तर त्याचा उपयोग शून्य; आणि वेगांत असतांना तो ओढला तर त्या सांध्यांवरच आघात होतो. हँडब्रेक हा दुसरा ब्रेक आहे, या भरंवशावर कोणीही राहूं नये.

आतां पाण्याच्या टाकीकडे वळतों, कारण आपल्या कामाचा तो मोठा भाग आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पांच हजार लिटरची टाकी म्हणजे पांच टन पाणी, आणि लोखंडी टाकीचें वजन त्याहून वेगळें. जी. एम. सी. गाडी आडरानांत वाहण्यास जें वजन ठरविलेलें होतें तें अडीच टन. म्हणजे तिच्यावर अशी टाकी चढविणारा मनुष्य तिला दुपटीहून अधिक भार देतो, आणि ब्रेक मात्र तेच ठेवतो. नाकापेक्षां मोती जड झाला म्हणजे काय होतें हें निराळें सांगावयास नको. त्यांतही अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेलीपेक्षां दगलबाज असते. ब्रेक लागतांच पाणी लाटेसारखें पुढें धांवतें, गाडीस ढकलतें; वळणावर तेंच पाणी बाजूस जाऊन गाडी कलती करतें. टाकींत आडव्या भोंकांच्या भिंती असल्या म्हणजे ही लाट मोडते. ज्या टाकींत अशा भिंती नाहींत ती पाणी सांठविण्यास ठेवावी, गाडीवर चढवूं नये. आणि वेगाचें गणित सर्वांनीं लक्षांत ठेवावें: वेग दुप्पट झाला तर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. उत्तम ब्रेकांनीं ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी सात मीटरांत थांबत असेल, तर ताशी ६० च्या वेगास तिला अठ्ठावीस मीटर लागतील, आणि चालकाच्या लक्षांत येऊन पाय पडेपर्यंत गेलेलें अंतर वेगळेंच.

रोग सांगितला, आतां औषध. पहिली पायरी सुधारणेची नसून पूर्ववत करण्याची आहे. चारी किंवा सहाही चाकें उतरवावींत. प्रत्येक रबरी होस जुनी असेल तर बाहेरून चांगली दिसली तरी बदलावी, कारण ती आंतून सुजून बंद होते. गंजलेल्या नळ्यांच्या जागीं दुपदरी पोलादाच्या किंवा तांबें-निकेल मिश्रधातूच्या नळ्या घालाव्यात; साधी तांब्याची नळी हादऱ्यांनीं कडक होऊन चिरते, ती वापरूं नये. सिलिंडरांस खड्डे पडले असतील तर नुसता कागद घांसून चालत नाहीं. आंत पितळेचें किंवा न गंजणाऱ्या पोलादाचें नवें अस्तर बसवून ते मूळ मापास आणावे. ड्रम कातून फार पातळ झाले असतील तर टाकून द्यावे. लायनर बसविल्यावर त्याची गोलाई ड्रमशीं जुळते कीं नाहीं तें पाहावें. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असतें. त्याची धूळ फुफ्फुसांस घातक आहे, म्हणून ती हवेनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून घ्यावी. शेवटीं नवें तेल भरून प्रत्येक चाकाची हवा काढावी.

दुसरी पायरी सुधारणेची. एकाच मार्गाच्या जागीं दोन मार्ग करणें ही सर्वांत मोलाची सुधारणा. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून पुढच्या चाकांस एक व मागच्या चाकांस दुसरा असा तेलाचा मार्ग केला, म्हणजे एक फुटला तरी दुसरा उरतो. अमेरिकेच्या एम ३५ सारख्या पुढच्या काळांतल्या लष्करी मालमोटारींतही मूळ योजना एकमार्गी असल्यामुळें त्यांचे हौशी मालक हीच सुधारणा प्रथम करतात. परंतु बाजारांत मिळाला तो दुहेरी सिलिंडर आणून जोडला, इतकें हें सोपें नाहीं. नव्या सिलिंडराचा व्यास लहान असला तर पाय हलका पडतो पण चाकांच्या मोठ्या सिलिंडरांस पुरेल इतकें तेल जात नाहीं. मोठा असला तर तेल पुरतें पण पाय जड होतो. जुना बूस्टर एकाच नळीवर बसविलेला असतो. मार्ग दोन झाले म्हणजे बूस्टरही दोन लागतात, किंवा मास्टर सिलिंडराच्या मागेंच बसणारा एक घ्यावा लागतो. पुढच्या व मागच्या चाकांतील जोराची वांटणी बिघडली तर मागचीं चाकें आधीं जाम होऊन गाडी आडवी फिरते. कोणी ड्रम काढून डिस्क बसवूं पाहतात. डिस्कला अधिक दाब लागतो, म्हणून बूस्टर, सिलिंडर आणि झडपा या सर्वांचा पुन्हा विचार करावा लागतो. अर्धवट सुधारणेपेक्षां नीट दुरुस्त केलेली मूळ योजना बरी. हें गणित येणाऱ्या जाणत्या माणसाकडूनच काम करून घ्यावें, आणि पूर्ण झाल्यावर मोकळ्या सपाट जागेंत आधीं रिकामी व मग भार घालून गाडीची परीक्षा घ्यावी.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. लष्कराकडून आलेली गाडी नोंदवितांना तिच्या विक्रीचा मूळ दाखला लागतो. मोटारवाहन कायदा, सन १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें गाडींत मूळ रचनेहून वेगळा फेरफार करण्यावर बंधन आहे. म्हणून इंजिन बदलणें, टाकी चढविणें किंवा ब्रेकची योजना बदलणें यांपूर्वीं नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी विचारावी. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला दरवर्षीं घ्यावा लागतो. निवारणाचें पुण्यकार्य आहे म्हणून दाखल्यावांचून गाडी चालेल, असें समजणें चूक आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठीं सन २०२१ मध्यें निराळे नियम झाले आहेत. पण ते हौसेनें जतन केलेल्या गाड्यांसाठीं आहेत, त्या नोंदणीवर मालाची वाहतूक करतां येत नाहीं.

आपल्या समितीच्या कामावर निघणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीसाठीं मी पुढील नियम सुचवितों:

१. इंजिन बंद ठेवून पाय पुरा मिनिटभर दाबून धरावा. तो हळूहळू खालीं जात असेल तर कोठेंतरी गळती आहे. गाडी निघूं नये.

२. पाय तसाच धरून इंजिन सुरू करावें. पाय किंचित् खालीं गेला तर बूस्टर जिवंत आहे. न गेला तर गाडी निघूं नये.

३. प्रत्येक चाकाच्या आंतल्या बाजूस व होसजवळ ओल आहे काय तें पाहावें. मास्टर सिलिंडरांतील तेलाची पातळी वहींत लिहावी.

४. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक असतील, तर हवेच्या टाक्यांतील पाणी रोज काढावें आणि दाब पूर्ण भरल्यावांचून गाडी हलवूं नये.

५. ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके लावून ते कोरडे करून घ्यावे.

६. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवावी, ब्रेक पाहावे, गिअर टाकावा, मग उतरावें.

७. चालकानें गाडी नाकारली तर ती निघणार नाहीं. आणि नाकारल्याबद्दल त्याचा दिवस बुडणार नाहीं.

हा सातवा नियम मी मुद्दाम शेवटीं ठेवला आहे, कारण बाकीचे सहा त्याच्यावर उभे आहेत. ब्रेक कसा आहे हें चालकाच्या तळपायास प्रथम कळतें. पण तो बोलला तर त्याची रोजी जाते, आणि न बोलला तर कधीं त्याचा जीव जातो. पलीकडे टाकीची वाट पाहणारें गांव असतें, येथें वेळेचा हिशेब मागणारे आपण असतों. मध्यें तो एकटा सांपडतो. पाणी आज न गेलें तर लोकांचे हाल होतात हें खरेंच आहे. म्हणूनच पर्यायी गाडीची व्यवस्था आधीं करून ठेवणें हें समितीचें कर्तव्य आहे. तें ओझें चालकाच्या धाडसावर टाकतां येणार नाहीं.

कोणी म्हणतील, जुन्या गाडीवर इतका खर्च म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. याला माझें उत्तर असें, कीं हिशेब गाडीच्या किंमतीशीं करूं नये, ती जें वाहते त्याच्याशीं करावा. आणि हिशेब करूनही खर्च परवडत नसेल, तर ती गाडी नम्रपणें परत करावी. भाड्याची नवी लॉरी घेऊन दहा पोतीं कमी गेलीं तरी चालतील. न थांबणारी फुकटची गाडी आपणांस परवडणार नाहीं.

दातेमंडळींस शेवटीं एकच विनंति आहे. आपण दिलेल्या रुपयाचें धान्य झालें तर आपणांस समाधान वाटतें, आणि त्याच रुपयाची रबरी होस झाली तर तो वायां गेला असें वाटतें. तसें वाटूं देऊं नका. धान्याचें पोतें डोळ्यांस दिसतें. न झालेला अपघात कोणास दिसत नाहीं आणि त्याचें छायाचित्र कोणत्याही अहवालांत छापतां येत नाहीं. तरीही तो न होऊं देणें हें निवारणाचेंच काम आहे. ज्यांना पैसा देणें शक्य आहे त्यांनीं "ब्रेकदुरुस्तीसाठीं" असें स्पष्ट लिहून तो द्यावा. कळंबोली, तुर्भे व तळोजें येथील मिस्त्रीबंधूंनीं महिन्यांतील एक दिवस आपल्या हातांचें कसब द्यावें. ज्यांच्याजवळ जुन्या गाड्या आहेत त्यांनीं त्या देण्यापूर्वी चाकें उतरवून पाहावींत. तहान लागल्यावर विहीर खणूं नये, तसेंच उतार लागल्यावर ब्रेक शोधूं नये. उन्हाळा येण्यापूर्वीच हें काम उरकावें, अशी आपणां सर्वांस माझी हात जोडून प्रार्थना आहे.